अर्जातील अनावश्यक रकाने

'बायोडाटा' हा शब्द मराठी घरांत दोन प्रसंगी उच्चारला जातो; एकदा नोकरीसाठी आणि एकदा लग्नासाठी. दोन्ही प्रसंगांचे कागद शेजारी ठेवून पाहिले तर त्यांतील साम्य थक्क करणारे असते. वडिलांचा व्यवसाय, मूळ गाव, धर्म, जात, उंची, भावंडांची संख्या आणि शेवटी वाचन, संगीत, क्रिकेट हे ठरलेले छंद. नोकरीच्या कागदावर रास आणि नाडी तेवढी नसते. पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी मित्राचा नमुना उतरवून घेतो, मित्रानेही तो आणखी कोणाचा तरी उतरवलेला असतो, आणि जागा हिशेबनिसाची असो की प्रयोगशाळा साहाय्यकाची, तोच मजकूर सर्वत्र रवाना होतो.

काय गाळावे हे कळण्यासाठी समोरच्याला काय हवे आहे हे आधी कळावे लागते. लिओनार्दो दा विंची याने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला उद्देशून लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. हलके पूल, तोफा, वेढा फोडण्याची साधने अशा युद्धोपयोगी गोष्टींची यादी त्यात प्रथम येते. शिल्प आणि चित्रकला यांचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता. स्फोर्झाला त्या वेळी चित्रकारापेक्षा युद्धयंत्रे करणारा हवा होता, हे त्याने ओळखले होते. आपल्या वडिलांविषयी वा जन्मगावाविषयी त्याने त्यात एक अक्षरही लिहिलेले नाही.

आपल्याकडील उमेदवाराला मात्र गाळण्याचीच भीती वाटते. कागद भरलेला दिसला नाही तर आपणच रिकामे ठरू, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. त्यामुळे पाचवीतल्या वक्तृत्व स्पर्धेचे उत्तेजनार्थ पारितोषिक तिशीतही त्याची साथ सोडत नाही आणि दोन वर्षे खरोखर केलेल्या कामाचा अनुभव तिसऱ्या पानावर दडून बसतो. हा दोष हास्यास्पद असला तरी त्याने फारसे कोणाचे बिघडत नाही. आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील पहिल्याच अर्जात लिहून टाकणे हे त्याहून घातक होय. जाहिरातीमागे आस्थापना आहे की भामटा, याची खातरजमा तोवर झालेली नसते. परंतु सर्वांत गंभीर प्रश्न आहे तो जात, धर्म आणि वैवाहिक स्थिती यांचा. कामाशी ज्याचा संबंध नाही असा तपशील समोर ठेवला की, निवडीला नकळत तेच कारण मिळते. मग नकार का आला, हे उमेदवाराला कधीच समजत नाही.

अर्थात याचा सारा दोष उमेदवाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रकाना छापलेला असेल तर तो भरावाच लागतो. आयुर्विमा महामंडळात रुजू होताना भरावयाच्या प्रतिज्ञापत्रात स्त्रियांना मासिक पाळी, गर्भधारणा आणि गर्भपात यांविषयी प्रश्न विचारले जात असत. नीरा माथुर यांना प्रसूती रजेनंतर परिवीक्षाकाळातच सेवेतून कमी करण्यात आले, आणि त्यांनी त्या रकान्यांत खोटी माहिती दिली होती, असे समर्थन महामंडळाने न्यायालयात केले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला आणि असे रकाने काढून टाकणेच उचित, असे महामंडळाला सुनावले. ज्या प्रश्नाची विचारणाच लज्जास्पद आहे, त्याच्या उत्तराचा खरेखोटेपणा कोणत्या तोंडाने तपासायचा?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गाळणे आणि लपवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागेसाठी आवश्यक अर्हता नसताना ती असल्याचा आभास निर्माण करणे, किंवा विचारलेल्या फौजदारी खटल्याविषयी मौन पाळणे, ही लपवाछपवी होय, आणि तिची किंमत पुढे मोजावी लागते. आपण विवाहित आहोत की नाही, हे न लिहिणाऱ्या टंकलेखिकेने काहीही लपवलेले नसते.

पण सारे रकाने गाळले तरी नाव उरतेच. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना उत्तरादाखल अर्ज पाठवून एक पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पात्रता सारखी, नावे तेवढी वेगळी. उच्चवर्णीय हिंदू वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना पुढील बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. महाराष्ट्रात तर आडनाव हाच निम्मा बायोडाटा असतो. कोणते गाव आणि कोणती जात, याचा अंदाज वाचणारा पहिल्याच ओळीत बांधून मोकळा होतो. तेव्हा 'अर्ज सुटसुटीत लिहा' एवढा उपदेश विद्यार्थ्यांना करून भागणारे नाही.

यावरचा उपाय शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने नाव लिहायचे नसते आणि तपासणाऱ्याला ते कळू द्यायचे नसते. परीक्षकाच्या सचोटीविषयी शंका असते म्हणून नव्हे, तर सचोटीच्या माणसालाही मोहात पाडू नये म्हणून. सोळा वर्षांच्या मुलाच्या गुणांसाठी जी दक्षता घेतली जाते, ती पंचवीस वर्षांच्या उमेदवाराच्या उपजीविकेसाठी घेण्यास कोणती अडचण आहे? पहिल्या छाननीला पात्रता आणि अनुभव एवढ्याचीच क्रमांकित प्रत पुढे जावी. नाव मुलाखतीच्या वेळी कळले तरी पुरे.

राखीव जागांचे काय, असा प्रश्न यावर हटकून विचारला जाईल. अनुदानित शाळेतील शिक्षकाची जागा बिंदुनामावलीनुसार भरायची असेल, तर प्रवर्गाची माहिती आवश्यकच आहे आणि ती घेतलीच पाहिजे. आरक्षणाचा हक्क त्याशिवाय बजावता येणार नाही. मात्र ती माहिती कार्यालयाच्या पडताळणीसाठी असते. पाठ कसा घेतला, याचे गुण देणाऱ्याच्या टेबलावर ती पडण्याचे कारण नाही. खाजगी कंपनीच्या अर्जात तर जातीचा रकाना नेमका कशासाठी असतो, हे छापणाऱ्यालाही बहुधा सांगता येणार नाही.

कारण असे नमुने कोणी विचार करून तयार करतो, असे क्वचितच घडते. जुना कागद समोर ठेवून नवा काढला जातो. वरचे वर्ष बदलते, फार तर शुल्काचा आकडा बदलतो. 'वडिलांचा अथवा पतीचा व्यवसाय' जिथल्या तिथे राहतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय केला, तेव्हा असंख्य नमुन्यांत एक ओळ घालण्याची वेळ आली. निरुपयोगी ओळी काढण्यासाठीही ते कागद त्याच वेळी हातात होते. तशी वेळ प्रत्येक नव्या भरतीच्या आधी येते, आणि मसुदा पहिल्यांदा येतो तो लिपिकाच्या टेबलावर. रकाना खोडण्याचा अधिकार त्याला नसतो. तो कशासाठी आहे, अशी टिप्पणी नस्तीवर लिहून वर पाठवण्याचा मात्र असतो.