पुढचा टप्पा कादंबरीचा

प्रति,
मा. अध्यक्ष,
अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ



दिल्लीच्या ९८व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सांगलीच्या तारा भवाळकरांकडे आले आणि ९९व्या संमेलनाचा मान साताऱ्याला मिळाला. कृष्णाकाठाच्या पदरात इतके पडल्यावर आणखी मागणे म्हणजे हावरेपणाच. तरी शंभराव्याच्या तोंडावर एक मागणे मांडतो.

कराडजवळचे टेंभू आगरकरांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. कृष्णाजी नारायण आठल्येही तिथलेच. त्यांनी १८८६ साली कोचीनहून ‘केरळ कोकिळ’ मासिक सुरू केले आणि १९००च्या सुमारास त्यातून ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत आली. मराठी विज्ञानकथेचा उगम शोधणारे बहुधा तिथवर पोहोचतात. सांगलीत तर १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा मराठी रंगभूमीच देव-राक्षसांना घेऊन अवतरली. अद्भुताचे वावडे आम्हाला कधीच नव्हते.

अडते ते कादंबरीपाशी. कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेचा आधार मिळाला. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ तिथेच पाठवली आणि पहिले बक्षीस पटकावले. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी गूढ-अद्भुत कथेला पाने दिली. कादंबरीला असे दार नाही. नारळीकरांनी ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ लिहिल्या, २०२१ साली ते नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षही झाले. पण साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला तो आत्मचरित्रासाठी.

माझ्या कादंबरीत आटपाडीच्या माळावर समुद्र आला आहे. ती लिहायला सहा वर्षे लागली. त्यातली निम्मी शब्दांवर गेली. त्या माळावरच्या म्हातारीच्या तोंडी ‘यंत्रमानव’ घातला तर ती पाठ्यपुस्तकातली वाटते, ‘रोबोट’ घातला तर पुण्याहून आलेली. तिच्या शिव्या, तिची मापे, तिचे सणवार, सगळे नव्याने रचावे लागते आणि तरी ते मराठीच वाटले पाहिजे.

संहिता घेऊन फिरलो. एका प्रकाशकांनी विचारले, “बालवाङ्मयात बसेल का?” दुसरे म्हणाले, “पहिल्या पाचशे प्रतींचा खर्च तुम्ही उचला.” तिसऱ्यांनी चारशे पानांची दीडशे करायला सांगितली. त्यांच्यावर माझा राग नाही. ओळखीचे नाव नाही, ग्रंथालयांची मागणी नाही, आणि गोदामातले गठ्ठे वाळवीला लागले तर भरपाई कोण देणार? पण या हिशेबात नवा लेखक एक तर कथेकडे परततो किंवा ऐतिहासिक कादंबरीकडे वळतो.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, दरवर्षी विज्ञान वा अद्भुतरम्य कादंबरीची एक अप्रकाशित संहिता निवडा, लेखकाचे नाव झाकून. नारळीकरांची कथाही तशीच वाचली गेली होती. दोन, निवडलेल्या संहितेला एक संपादक आणि विषयाचा एक जाणकार द्या. सध्या शास्त्राची माणसे असे लेखन साहित्य म्हणून बाजूला ठेवतात आणि साहित्याची माणसे शास्त्र म्हणून. तीन, छापल्यावर तिच्या काही प्रती महामंडळाच्या घटक संस्थांनी आपापल्या ग्रंथालयांसाठी विकत घ्याव्यात. प्रकाशकाला एवढा धीरही पुरतो.

टेंभूलाच आता कृष्णा अडवली आहे. तिचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून खानापूर, आटपाडीच्या माळापर्यंत चढवले आहे. एका पंपाने ते चढले नसते. आमच्या कथेचा पहिला टप्पा पन्नास वर्षांपूर्वीच झाला, पाणी तिथेच तुंबून आहे.

शंभराव्या संमेलनाच्या मांडवात पहिल्या संहितेचे नाव पुकारा. ती माझी नसली तरी चालेल. मी पहिली प्रत विकत घेईन.

आपला,
कृष्णाकाठचा एक कादंबरीकार