हमालाच्या पाठीचा प्रश्न

अंगमेहनतीवर पोट असणाऱ्याची कंबर धरली म्हणजे त्याच्या घरची चूल अडते. ही साधी गोष्ट आमच्या कायदे करणाऱ्यांस आणि व्यापारी पेढ्यांस अद्याप पुरती उमगलेली दिसत नाही.

नवी मुंबईतील तुर्भ्याचा घाऊक बाजार पाहावा. मालाच्या गाड्या लागल्या की माथाडींची टोळी कामास भिडते आणि मानेवर, पाठीवर गोण्या घेऊन वाहू लागते. गोणी ५० किलोंची धरली आणि एका गड्याने दिवसाकाठी १०० गोण्या वाहिल्या असे मानले, तरी ५ टन ओझे त्याच्या कण्यावरून जाते. मजुरी नगावर, तीही टोळीत वाटली जाणारी. मग उसण भरली तरी गडी ती सांगत नाही. सांगितली तर सोबती चार दिवस त्याचा वाटा उचलतात, पाचव्या दिवशी कुरकुरतात. त्यांना तरी दोष कसा द्यावा? तेल चोळून, पट्टा बांधून, गोळी गिळून तो पुन्हा गाडीपाशी उभा राहतो. अंथरुणास खिळून राहू नका, हिंडते-फिरते राहा, ओझे मात्र टाळा, असे हल्लीचे डॉक्टर सांगतात. सल्ला योग्यच आहे. परंतु ओझे टाळून हमालाने खावे काय?

पाठ कोणाची दुखत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने त्रस्त होती. पण कचेरीतला कारकून खुर्ची बदलतो, रजा टाकतो आणि त्याचा पगार चालू राहतो. हमालापाशी पाठीवाचून दुसरे भांडवल नाही.

१९६९ चा माथाडी कायदा हे अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्याचे फळ. त्याने असंघटित मजुरास भविष्यनिर्वाह निधी, उपदान व औषधोपचार यांचा आधार दिला. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ओझ्याचे काय? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा १९६७ सालीच सुचविली होती. येथे माथाडी ५० किलोंची गोणी मागतात, आणि त्यावरून बाजारात खटके उडत आले आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने शिशाची व पाऱ्याची विषबाधा व्यवसायजन्य रोगांत गणली. ओझ्याने झिजलेला मणका त्या यादीत बसला नाही. अपघाताची तारीख सांगता येते. वीस वर्षे झिजत गेलेल्या कण्याची कोणती तारीख सांगावी?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ५० किलोंवरील गोणी बाजाराच्या दारातूनच परत जावी आणि दंड माल भरणाऱ्यावर बसावा. दुखावलेल्या गड्यास मोजणीचे, राखणीचे हलके काम मजुरी न तोडता मिळावे. दीर्घकाळ ओझी वाहिलेल्याचा मणका झिजला, तर तो कामानेच झिजला असे कायद्याने गृहीत धरावे. तसे नाही हे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने सिद्ध करावे. याचा खर्च कांद्याच्या भावात उतरलाच, तर तो आम्हां ग्राहकांनी सोसावा.