जंजिरा कुणाच्या बाजूचा?

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली की माहिती सांगणारा सुरू होतो. किल्ला कधीच कुणाला जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजीराजांनी 1682 मध्ये समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली, पण सिद्दी हटला नाही. मी गेलो तेव्हा एवढं ऐकून होडीत दोन तट पडले. काहींचे चेहरे उतरले. आमच्यातल्या एकाने शेजाऱ्याला हळूच कोपर मारलं. जणू भारत-पाकिस्तान सामन्याचा निकाल लागला होता!

माझं म्हणणं आहे की चेहरे उतरलेले आणि कोपर मारणारा, दोघंही चुकतात.

आधी पहिल्यांविषयी. या बेटावर पहिला लाकडी मेढेकोट उभा केला तो राम पाटील या कोळ्यांच्या नायकाने. मग ते निजामशाहीच्या ताब्यात गेलं आणि तिथे दगडी तट चढला. जंजिरा हे नावसुद्धा ‘जझीरा’ म्हणजे बेट या अरबी शब्दावरून आलेलं. कोळ्यांचं बेट, अरबी नाव, अहमदनगरची सत्ता आणि आफ्रिकेतून आलेले शिपाई. यात धर्मयुद्ध कुठे बसवायचं? महाराजांचा झगडा किनाऱ्याच्या आणि समुद्राच्या ताब्यासाठी होता. त्यांच्या आरमाराचा एक प्रमुख अधिकारी दौलतखान होता, सिद्दी हिलाल त्यांच्या सैन्यात होता. 1670 च्या सुमारास तर जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान स्वतःच किल्ला महाराजांना द्यायला तयार झाला. त्याला कैद केलं ते त्याच्याच सिद्दी सहकाऱ्यांनी, आणि ते औरंगजेबाच्या आश्रयाला गेले. होडीत हे कुणी सांगत नाही, कारण हे सांगितलं की तट पाडता येत नाहीत.

आता कोपर मारणाऱ्या माझ्या भावासाठी. मिया, हा विजय तुझा कसा? जंजिऱ्याचे सिद्दी आधी निजामशाहीचे, मग आदिलशाहीचे, शेवटी मुघलांचे. ज्या मुघलांनी निजामशाही आणि आदिलशाही दोन्ही बुडवल्या त्यांचेच! सत्तेचा हिशोब होता तो, दीनचा नव्हे. कोकणातल्या गावांनी सिद्दींच्या लुटी सोसल्या. ते दुःख विसरून ‘आपला किल्ला अजिंक्य’ म्हणणं हा इतिहास नाही, चिडवाचिडवी आहे. समोरचा करतो तेच आपण उलट्या बाजूने करतो.

आणि सिद्दी खरंच आपले वाटतात का? आपल्या घरांत ‘हबशी’ हा शब्द कसा वापरला जातो ते आठवा. काळ्या रंगावरून टोमणा मारायला, नाहीतर हावरटाला हिणवायला. ज्या हबशांच्या किल्ल्यावर छाती फुगवायची, त्यांचंच नाव शिवी म्हणून वापरायचं! मलिक अंबर हबशीच होता. गुलाम म्हणून विकला गेलेला तो माणूस पुढे निजामशाहीचा कारभारी झाला, वर्षानुवर्षं मुघलांना दख्खनमध्ये अडवत राहिला आणि त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली. त्याच्या रंगाची सून किंवा जावई आपल्यातल्या किती घरांना चालेल?

बघण्यासारखं त्या किल्ल्यात खूप आहे. अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा, त्यावर पंजात हत्ती धरलेल्या प्राण्याचं शिल्प, कलालबांगडी तोफ, आणि चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचे तलाव. आम्हाला या सगळ्यासाठी पाऊण तास मिळाला. त्यातही लोक सेल्फी काढत होते. भिंतींवर कोरलेल्या नावांत दोन्ही धर्मांची नावं होती. किल्ला खराब करण्यात मात्र आपली एकी आहे.

धक्क्यावर आणि दरवाजापाशी मराठीत एक नीट फलक लावा, ही मागणी सरकारकडे केलीच पाहिजे. त्यावर राम पाटील असावा, फत्तेखान असावा, दौलतखानही असावा. फलक लागेपर्यंत हे काम आईबापांचं आहे. मुलांना जंजिऱ्याला जरूर न्या. कोण जिंकलं एवढंच सांगून थांबू नका. कोण कुणाकडून लढलं आणि का, हे सांगा. आणि ‘हबशी’ ही शिवी घरातून आजच बंद करा. त्यासाठी होडीची वाट पाहायची गरज नाही.