गायरानावरची सुगी आणि साक्षीदार

गायरान कसणाऱ्या भूमिहीनाला वर्षातले दोन काळ धास्तीचे असतात : पेरणीचा आणि काढणीचा. पेरणीच्या वेळी गमावण्यासारखे फारसे काही नसते. काढणीला आलेल्या सोयाबीनमध्ये मात्र उसनवारीचे बियाणे आणि तीन महिन्यांची मेहनत उभी असते, आणि नेमकी तेव्हाच रातोरात त्यात जनावरे सोडली जातात. सकाळी विचारावे तर जनावरे कुणाची, हे गावात कुणालाच ठाऊक नसते. धाराशिव, बीड, लातूर या पट्ट्यातील दलित वस्त्यांना हा अनुभव नवा नाही.

एका हंगामाचे पीक बुडाले, एवढाच याचा अर्थ लावणे भाबडेपणाचे ठरेल. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक सरकारी जमिनीची मागणी अग्रभागी होती. त्यानंतर बऱ्याच काळाने, १९९१ च्या शासन निर्णयान्वये, १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण हक्क सिद्ध करायचा तो कशाने? तलाठ्याच्या दप्तरातील एक-ई नोंदवहीने, अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या पावतीने आणि अखंड वहिवाटीने. ज्या पावतीने शासनाने त्याला गुन्हेगार ठरविले, तीच पावती मालकीचा आधार म्हणून तो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो! वहिवाट मोडली की दावाच मोडतो. म्हणून पिकात सोडलेली जनावरे पिकाबरोबर पुरावाही खातात.

कसले नाही म्हणून जमीन तुझी नाही, आणि कसू म्हणशील तर कसू देणार नाही, ही युक्ती मराठवाड्याने शोधून काढलेली नव्हे. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी शेतकरी १९६७ पासून लष्करी ताब्याखाली तिचाच सामना करीत आहे. १८५८ च्या ऑटोमन भूमी कायद्यात, विशिष्ट प्रकारची जमीन सलग तीन वर्षे पडीक राहिल्यास ती राज्याकडे परत जाण्याची तरतूद आहे. १९७९ नंतर इस्रायलने त्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन विस्तीर्ण क्षेत्रे 'सरकारी जमीन' म्हणून घोषित केली आणि तेथे वसाहती उभ्या केल्या. वसाहतींच्या शेजारच्या ऑलिव्हच्या बागांत मालकाला शिरायचे तर लष्कराशी आगाऊ 'समन्वय' साधावा लागतो. वर्षातले मोजके दिवस मिळतात. ते चुकले तर फळ झाडावरच वाळते.

या बागांत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोडणीला बाहेरचे स्वयंसेवक जाऊ लागले, त्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांत परदेशी तरुण आहेत, तसेच इस्रायलमधील मानवी हक्कांसाठी झटणारे धर्मगुरू आणि नागरिकही आहेत. झाडाखाली ताडपत्री अंथरणे, शिडीवर चढून फळे ओरबाडणे हे काम कुटुंबातली मुलेही सराईतपणे करतात. तेवढ्यासाठी पाहुण्यांची गरज नाही. वसाहतीला सर्वांत जवळ असलेल्या रांगेत जाऊन उभे राहणे, काय घडले ते टिपणे आणि ते न्यायालयापर्यंत नेणे, हे त्यांचे खरे काम. अशाच पाठपुराव्यातून २००६ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, वसाहतवाल्यांच्या दांडगाईचा उपाय म्हणून शेतकऱ्यालाच शेतातून बाहेर ठेवता येणार नाही, त्याला संरक्षण देणे हे लष्कराचे कर्तव्य आहे. निकालाची अंमलबजावणी कशी झाली हे सर्वश्रुत आहे, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर तर असंख्य बागा बंदच झाल्या. २०२५ च्या हंगामात बुरीन गावी मदतीस आलेल्या बत्तीस परदेशी स्वयंसेवकांना ताब्यात घेऊन हद्दपारीचा आदेश देण्यात आला. ऑलिव्ह तोडणाऱ्या हातांची सत्तेला इतकी भीती वाटावी, यातच त्या हातांचे मोल आले.

दोन्ही परिस्थिती एक नव्हेत. येथे लष्करी अंमल नाही. मतदानाचा अधिकार आहे, कायदाही आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीक नष्ट करणे आणि उत्पन्न हिरावून नेणे यांचा स्पष्ट उल्लेख झाला. जनावरांचा मालकही पुष्कळदा दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी असतो, आणि चराई आक्रसल्याची त्याची तक्रार खोटी नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला तो याच भूमिकेतून. परंतु भूमिहीनाला देताना जे गायरान गावाचा श्वास ठरते, तेच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौरप्रकल्पासाठी देताना कोणता श्वास कोंडत नाही, हे कोडे शासनाने उलगडलेले नाही.

अवघड गोष्ट पुढेच आहे. पक्षाच्या सभासदनोंदणीच्या वहीत जनावरे सोडणाऱ्याचे नाव आणि पीक गमावणाऱ्याचे नाव एकाच पानावर असू शकते. पॅलेस्टाईनच्या पाठिंब्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो, कारण त्या ठरावाने गावातील कुणी दुखावत नाही. काढणीच्या दिवशी गायरानावर जाऊन उभे राहिले की भावकी दुखावते, पुढच्या ग्रामपंचायतीचे गणित बिघडते. शेजारच्या बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हे गणित बिघडू दिले. डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी मात्र हा प्रश्न बहुतांशी मोर्च्याच्या निवेदनातल्या मागण्यांत ठेवून दिला.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम-परांड्याकडची शेते खरवडून गेली. सातबारा ज्याच्या नावाचा, त्याचा पंचनामा झाला. गायरान कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून ई-पीक पाहणी नाही, आणि ती नाही म्हणून पीकविमाही नाही. अशा ठिकाणी घोषणा देणाऱ्यापेक्षा लिहिणारा कार्यकर्ता अधिक उपयोगी पडतो : उभ्या पिकाचे तारखेसह छायाचित्र घेणारा, एक-ईची नक्कल मागून तिची पोच घेणारा, नासधूस झालीच तर त्याच दिवशी फिर्यादीसोबत ठाण्यात बसणारा. कोठे उभे राहायचे आणि कोठे नाही, हे त्याने कसणाऱ्याला विचारावे. संध्याकाळच्या गाडीने कार्यकर्ता तालुक्याला परततो, कसणाऱ्याला त्याच गावात राहायचे असते. सोयाबीनच्या पाठोपाठ डिसेंबरात तूर काढणीला येते, आणि तेव्हा राखण रात्रीची लागते.