लघवी वाढली, पण कशामुळे?

मागच्या आठवड्यात जयेंद्रगंजातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्यासमोर गोखरूची पुडी उघडली. पायांवरची सूज उतरावी म्हणून महिनाभर रोज सकाळी त्या पेलाभर काढा घेतात. रक्तदाबाची गोळीही चालूच आहे. डॉक्टरांना काढ्याचं सांगितलंत का, असं विचारलं तर म्हणाल्या, “अरे, ते काय औषध आहे? सराटे तर आहेत!”

सराटे आहेतच. बांधावरून अनवाणी जाणाऱ्याच्या पायात मोडतात तेच. चरकसंहितेतल्या मूत्रविरेचनीय गणातल्या दहा वनस्पतींत यांचं नाव श्वदंष्ट्रा, म्हणजे कुत्र्याचा दात. इतक्या जुन्या अनुभवाला मी मोडीत काढणार नाही. पण पेलाभर पाणी प्यायलं तरी लघवी वाढतेच. मग त्यातलं फळाचं किती आणि पाण्याचं किती?

हे ठरवायची रीत लिपशित्झ यांनी 1943 साली घालून दिली. उपाशी ठेवलेल्या सगळ्या उंदरांना सारखंच मीठपाणी पाजायचं, वजनाच्या किलोमागे 25 मिलिलिटर. म्हणजे 200 ग्रॅमच्या उंदराला 5 मिलिलिटर. एका गटाला नुसतं तेवढंच, दुसऱ्याला लघवी वाढवणारं ओळखीचं औषध, म्हणजे युरिया किंवा आजकाल फ्युरोसेमाइड, तिसऱ्याला फळाचा अर्क. लेंड्या आणि लघवी वेगळी पडेल अशा पिंजऱ्यात 5 तास ठेवून मोजायचं. पाणी सगळ्यांना सारखं, म्हणून उरलेला फरक औषधाचा.

माझा आग्रह पुढच्या पायरीचा आहे. नुसते मिलिलिटर मोजून थांबू नये. त्या लघवीतून सोडियम किती गेलं, पोटॅशियम किती गेलं, हेही मोजायलाच हवं. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही, आणि मिठामागे पाणी जातं. सूज उतरते ती त्यामुळे. वनस्पतीच्या अर्कात मात्र स्वतःचेच पोटॅशियमचे क्षार असतात, तेही लघवी वाढवू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. काकूंसारख्या माणसाला पोटॅशियमचा हा आकडा कळणं लघवीच्या मापापेक्षा जास्त गरजेचं आहे.

शिवाय फळ तरी कोणतं? बाजारात छोटा गोखरू, म्हणजे सराटे, आणि बडा गोखरू दोन्ही मिळतात; झाडं वेगळी, कुळंही वेगळी. एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याच्या पुडीवर छापणं मला गैर वाटतं.

काकूंची पुडी उघडून पाहिली. फळं मोठी होती, चार काट्यांची. वर नुसतं ‘गोखरू’ लिहिलेलं. सोमवारी त्या ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहेत. मीही बरोबर जातोय.