मैदानावरून : न झालेल्या गोलांचा मानकरी

दोस्तांनो, फुटबॉलचा मोठा सामना झाला की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गप्पा कोणाच्या रंगतात? ज्याने गोल केला त्याच्या! फार तर गोलरक्षकाच्या. पण ज्या बचावपटूने चार वेळा गोल होऊच दिला नाही, त्याचं नाव कुणाच्याही तोंडी नसतं. बरोबरच आहे म्हणा. झालेला गोल सगळ्यांना दिसतो, न झालेला गोल कसा दिसणार?

आज अशाच एका खेळाडूची ओळख करून घेऊ. पोर्तुगालचा रिकार्डो कार्व्हालो. (आडनाव ओळखीचं वाटलं ना? गोव्यातही हे आडनाव आढळतं.)

उत्तर पोर्तुगालमधल्या अमारांते या गावी १८ मे १९७८ रोजी त्याचा जन्म झाला. पोर्टो या नामांकित क्लबच्या कुमार संघात तो तयार झाला. पण मोठ्या संघात लगेच जागा मिळाली असं मुळीच नाही. आपण मित्राला पुस्तक वाचायला देतो ना, तसं क्लबने त्याला दुसऱ्या संघांना उसनं दिलं! आधी लेसा, मग व्हिटोरिया सेतुबाल, मग अल्व्हेर्का. बरोबरीची मुलं पुढे जात होती आणि हा आपला गावोगावी. पोर्टोच्या संघात त्याचं बस्तान बसलं ते २००१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी.

त्याचा खेळ कसा होता ठाऊक आहे? मधल्या फळीतले बचावपटू बहुतेक धिप्पाड असतात. कार्व्हालो सहा फुटांचा, अंगाने सडसडीत. धक्काबुक्कीत त्याचं भागलं नसतं. मग तो काय करायचा? थांबायचा! समोरून आघाडीपटू चेंडू घेऊन आला की नवखा बचावपटू घाईघाईने पाय घालतो. आघाडीपटूला तेच हवं असतं. एक हुलकावणी आणि तो पसार! कार्व्हालो पाय घालायचा नाही. हळूहळू मागे सरकत राहायचा, नजर चेंडूवर. समोरच्याच्या पायापासून चेंडू वीतभर लांब गेला रे गेला, की हा झटकन मध्ये शिरून चेंडू काढून घ्यायचा. खेळाच्या तासाला तुम्हीही करून पाहा. वाटतं तितकं सोपं नाही, बरं का!

या थांबण्याने त्याला काय काय मिळवून दिलं पाहा. जोझे मोरिन्यो यांच्या मार्गदर्शनाखाली पोर्टोने २००३ साली युएफा कप जिंकला आणि २००४ साली मोनॅकोला ३-० असं हरवून चॅम्पियन्स लीगही जिंकली. त्या वर्षीचा युरोपातला सर्वोत्तम क्लब बचावपटू ठरला कार्व्हालो. मग मोरिन्यो यांच्यापाठोपाठ तो इंग्लंडमधल्या चेल्सीकडे गेला. तिथल्या पहिल्याच मोसमात चेल्सीने ५० वर्षांनी लीग जिंकली. ३८ सामन्यांत त्यांच्यावर गोल झाले फक्त १५! पुढे स्पेनच्या रेआल माद्रिदकडून खेळताना २०१२ साली तिथलीही लीग त्याने जिंकली.

पण देशाच्या संघाकडून मात्र घास तोंडाशी येऊन निसटत होता. २००४ ची युरोपियन स्पर्धा पोर्तुगालमध्येच भरली होती. पहिल्या सामन्यात ग्रीसकडून हार झाल्यावर कार्व्हालोला संघात घेतलं. तिथून पोर्तुगालने थेट अंतिम फेरी गाठली. समोर पुन्हा ग्रीस! लिस्बनमध्ये, आपल्याच प्रेक्षकांसमोर, पोर्तुगाल ०-१ ने हरला. दोन वर्षांनी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत फ्रान्सच्या तिएरी ऑन्रीला अडवताना कार्व्हालोचा पाय आडवा गेला. पेनल्टी! झिदानने गोल केला, आणि पोर्तुगाल तिथेही ०-१ ने हरला.

आता येते खरी गोष्ट. मैदानावर इतकं थांबता येणाऱ्या या माणसाला मैदानाबाहेर ते नेहमी जमायचं असं नाही. २००५ साली चेल्सीने एका सामन्यात त्याला बाहेर बसवलं, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांकडे नाराजी बोलून दाखवली. मोरिन्यो यांनीही मग त्याला जाहीरपणे फटकारलं. ते प्रकरण तेवढ्यावर मिटलं. २०११ चं मात्र मिटलं नाही.

त्या वर्षी ऑगस्टअखेर पोर्तुगालचा संघ सायप्रसविरुद्धच्या सामन्याची तयारी करत होता. कार्व्हालो तेव्हा ३३ वर्षांचा, रेआल माद्रिदचा खेळाडू. प्रशिक्षक पावलो बेंतो यांनी मधल्या बचावासाठी पेपे आणि ब्रुनो आल्व्हेस या दोघांची निवड केली. आपण पहिल्या अकरांत नाही हे कळल्यावर कार्व्हालोने सामान बांधलं आणि तो सराव शिबिरातून सरळ निघून गेला! देशाकडून खेळणंही आपण थांबवत आहोत, असं त्याने जाहीर करून टाकलं. बेंतो यांनी त्याची तुलना रणांगणातून पळालेल्या सैनिकाशी केली. पोर्तुगालच्या फुटबॉल महासंघाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली.

अपमान वाटणं यात गैर काही नव्हतं. इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला वाईट वाटणारच. प्रशिक्षकांचे शब्दही काही कमी बोचरे नव्हते. पण घाईने घातलेला पाय बचावपटूला कसा महागात पडतो, ते आपण वर पाहिलंच. २०१२ च्या युरोपियन स्पर्धेत पोर्तुगाल उपांत्य फेरीपर्यंत पोचला, तेव्हा कार्व्हालो संघात नव्हता. २०१४ च्या विश्वचषकातही नव्हता. एका दिवसाचा राग, आणि तीन वर्षं गेली!

त्याने खेळ मात्र सोडला नाही. २०१३ साली, वयाच्या पस्तिशीत तो मोनॅकोकडून खेळू लागला, आणि नियमितपणे खेळत राहिला. २०१४ च्या शरद ऋतूत फर्नांदो सांतोस पोर्तुगालचे नवे प्रशिक्षक झाले. त्यांनी ३६ वर्षांच्या कार्व्हालोला परत बोलावलं.

मग आली फ्रान्समधली २०१६ ची युरोपियन स्पर्धा. ३८ वर्षांचा कार्व्हालो गटातले तिन्ही सामने खेळला. तिन्ही बरोबरीत सुटले. पुढच्या फेरीत सांतोस यांनी त्याच्या जागी जोझे फोन्ते याला उतरवलं. उपांत्य सामन्याआधी पेपे जायबंदी झाला. आता तरी कार्व्हालो? नाही! खेळायला गेला ब्रुनो आल्व्हेस. म्हणजे २०११ मध्ये ज्याची निवड झाल्यावर कार्व्हालो निघून गेला होता, तोच! प्रसंग जवळजवळ जुनाच होता. पण या वेळी कार्व्हालो कुठेही गेला नाही. तो राखीव खेळाडूंच्या बाकावर थांबला.

१० जुलै २०१६. पॅरिसमध्ये अंतिम सामना, समोर यजमान फ्रान्स. रोनाल्डो दुखापतीमुळे पंचविसाव्या मिनिटाला बाहेर. जादा वेळेत, १०९ व्या मिनिटाला एडरने गोल मारला आणि पोर्तुगालने आपल्या इतिहासातली पहिली मोठी स्पर्धा जिंकली! एडरसुद्धा सामना सुरू झाला तेव्हा बाकावरच होता, बरं का. लिस्बनमधल्या त्या पराभवानंतर बारा वर्षांनी कार्व्हालो युरोपचा विजेता झाला. अंतिम सामन्यात एक मिनिटही न खेळता!

देशाकडून तो एकूण ८९ सामने खेळला. नंतर चीनमधल्या शांघायच्या संघात थोडे दिवस काढून त्याने बूट खुंटीला टांगले.

दोस्तांनो, शाळेच्या संघाची यादी फळ्यावर लागते आणि आपलं नाव पहिल्या अकरांत नसतं, तेव्हा पोटात कसं होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. रडू आलं तर खुशाल रडा. घरी येऊन आई-बाबांना सांगा. (आणि आई-बाबांनो, तुम्हीही लगेच सरांना गाठायला धावू नका हं!) पण दुसऱ्या दिवशी सरावाला जा. बाराव्या खेळाडूची वेळ कधी येईल, हे यादी लिहिणाऱ्या सरांनाही ठाऊक नसतं.

आणि पुढचा सामना बघाल, तेव्हा न झालेले गोल जरा मोजून बघा!