ओहम, वॉट आणि हरवलेला टाळ

बालमित्रांनो,

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळची कामं उरकत होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. बघते तर माझा जुना विद्यार्थी! चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, आता नववीत आहे. नाव सांगत नाही, कारण तो हे सदर वाचतो आणि उगाच लाजेल. हातात पिशवी, पिशवीत एक भला मोठा हेडफोन आणि चेहरा पडलेला.

"बाई, हा बिघडलाय का हो? माझा मावसभाऊ परदेशी जाताना देऊन गेला. मोबाईलला लावला की डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो. पप्पा म्हणतात भंगारात घाल. भाऊ म्हणतो अ‍ॅम्प्लिफायर घे. पण त्याला सात-आठ हजार लागतील आणि पप्पांचा ओव्हरटाईम सध्या बंद आहे."

मी हेडफोन उलटसुलट करून पाहिला. सेनहायझर कंपनीचा एचडी 600. हे मॉडेल 1997 साली आलं आणि गाण्याचे शौकीन आजही ते जपून वापरतात. म्हटलं, "भंगारात नको घालू रे बाबा! चल, मामाकडे जाऊ." मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. पिंपरी कॅम्पात तो अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतो. लहानपणी आमच्या घरातलं एकही घड्याळ त्याने उघडल्याशिवाय सोडलं नव्हतं!

भावाने हेडफोन मीटरला लावला आणि हसला. "ठणठणीत आहे. फक्त याची तहान मोठी आहे आणि मोबाईलची टाकी बुटकी आहे."

आता ही टाकीची भानगड काय? ऐका तर मग.

हेडफोनच्या प्रत्येक बाजूला एक लोहचुंबक असतो, तारेचं एक छोटं वेटोळं असतं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा असतो. तारेतून वीज गेली की वेटोळं मागेपुढे हलतं, पडदा हलतो, हवा हलते आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. वेटोळ्याची तार विजेला जो अडथळा करते, तो ओहममध्ये मोजतात. बारीक तारेचे पुष्कळ वेढे, तर ओहम जास्त. जाड तारेचे थोडे वेढे, तर ओहम कमी.

तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? टाकीची उंची म्हणजे व्होल्ट आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे ओहम. नळ अरुंद असेल तर तेवढंच पाणी यायला टाकी उंच हवी. मोबाईलची टाकी बुटकी, म्हणजे व्होल्ट कमी. आणि या हेडफोनचा नळ अरुंद, तब्बल 300 ओहमचा!

आठवी-नववीतल्या दोस्तांनी जरा पेन्सिल घ्या. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट. समजा मोबाईलमधून अर्धा व्होल्ट मिळतो. अर्ध्याचा वर्ग पाव. पाव भागिले 300 केलं की एक मिलिवॉटसुद्धा भरत नाही, 0.83 येतात. भावाच्या दुकानात ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम50एक्स होता, 38 ओहमचा. पाव भागिले 38 म्हणजे साडेसहा मिलिवॉट. एकाच मोबाईलमधून आठपट वीज! म्हणून तो खणखणीत वाजतो आणि आपला बिचारा कुजबुजतो.

"म्हणजे कमी ओहमचा हेडफोन कुठेही चालतो?" आमच्या पठ्ठ्याने विचारलं. प्रश्न चांगला होता, पण उत्तर "नाही" असं आहे. नळातून पाणी किती आलं एवढंच बघून भागत नाही. त्या पाण्यावर फिरणारं चाक हलकं आहे की जड, हेही बघावं लागतं. याला संवेदनशीलता म्हणतात आणि ती डब्यावर छापलेली असते. एक मिलिवॉट दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो, तो हा आकडा. एम50एक्सचा आकडा आहे 99. हायफायमॅन कंपनीचा एचई-6 नावाचा हेडफोन होता. ओहम फक्त 50, पण संवेदनशीलता 83.5! डेसिबलचं गणित गमतीचं असतं. 10 डेसिबल वाढवायला दहापट वीज लागते आणि 20 वाढवायला शंभरपट. त्यामुळे एम50एक्सइतकाच आवाज काढायला या एचई-6ला सुमारे 35 पट वीज पाजावी लागते. ओहम कमी असूनही हा हत्तीच! तेव्हा विकत घेताना दोन्ही आकडे बघायचे, ओहम आणि संवेदनशीलता.

काही कंपन्या तर एकच हेडफोन वेगवेगळ्या ओहममध्ये विकतात. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळत आला आहे. मोबाईलवर ऐकणाऱ्याने 250चा घेतला तर तोही एखाद्या रविवारी पडलेल्या चेहऱ्याने कुणाच्या तरी दारात उभा राहील!

मग भावाने एक परीक्षा घेतली. दोन्ही हेडफोन लावून एकच गाणं ऐकवलं. एम50एक्स कानावर चढताच आमचा विद्यार्थी ओरडला, "हाच भारी!" भाऊ म्हणाला, "थांब. तो मोठ्याने वाजतोय म्हणून तुला भारी वाटतोय." आपल्या कानाची ही खोडच आहे बरं का! जरासा मोठा आवाज आपल्याला लगेच चांगला वाटतो. भावाने पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात आवाज मोजायचं यंत्र बसवलं, दुकानातल्या एका अ‍ॅम्प्लिफायरवर दोन्ही हेडफोन सारख्या आवाजावर आणले आणि पुन्हा ऐकवलं. या वेळी मात्र तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, भावाच्या हेडफोनमध्ये गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. त्या दुसऱ्यात तबल्याचा डग्गा दणदणीत आहे."

पाहिलंत? आता तो आवाजाचा मोठेपणा सोडून आवाज ऐकायला लागला. दोघांचे गुण वेगळे आहेत. एचडी 600ची पाठ जाळीची, उघडी. त्यामुळे गाणं मोकळं वाटतं, पण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतलं गाणं बाहेर जातं. घरी शांत खोलीत तो छान. चाकणच्या बसमध्ये त्याचा काही उपयोग नाही. तिथे एम50एक्ससारखा बंद पाठीचा बरा. कोणता चांगला, हे विचारण्याआधी कुठे ऐकणार आणि कशाला जोडणार, हे विचारावं.

आता सात-आठ हजारांचा प्रश्न. भावाने सहज विचारलं, "तुमच्या घरी जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे का रे? कॅसेटच्या काळातला?" होता! माळ्यावर, सतरंजीत गुंडाळलेला. पप्पांनी लग्नाआधी घेतलेला. त्याच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं मोठं भोकही होतं.

अशा जुन्या यंत्रांत पुष्कळदा स्पीकरचीच वीज एका मोठ्या रोधातून हेडफोनकडे सोडलेली असते. तिथे टाकी चांगली उंच असते, म्हणून 300 ओहमवाल्याचं भागतं. एक खोट मात्र राहते. यंत्राचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. 300 ओहमला तो 37च्या आत हवा, 38 ओहमला पाचच्या आत. जुन्या यंत्रात तो शेकड्यांत असू शकतो. त्याने खर्ज किंचित फुगतो. भाऊ म्हणाला, "फुगू दे थोडा. फुकट मिळतंय!" त्याने यंत्र दुकानात नेऊन झटकलं, तपासलं, वायर बदलली. दोस्तांनो, विजेवर चालणारं जुनं यंत्र तुम्ही स्वतः कधीही उघडायचं नाही हं. बंद केल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते.

पुढच्या रविवारी आम्ही अ‍ॅम्प्लिफायर घेऊन त्यांच्या घरी गेलो. आवाजाची कळ शून्यावर ठेवून हेडफोन लावला. पहिला मान पप्पांचा! त्यांचं गाव चाकणजवळच. तरुणपणी ते भजनी मंडळात टाळ धरायचे, आषाढी-कार्तिकीला आळंदी चुकायची नाही. पुढे कारखान्यात प्रेसवर लागले, त्याला आता 19 वर्षं झाली. मुलाने अभंग लावला. पप्पांनी डोळे मिटले आणि कळ फिरवली. आणखी फिरवली.

"वा! मृदंग कसा छातीत वाजतोय," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण यात टाळ का नाहीत?"

मुलाने हेडफोन आपल्या कानाला लावला आणि झटक्यात काढला. आवाज त्याला सहन होईना. टाळ तर खणखण वाजत होते.

कुणीच काही बोललं नाही. मग त्याची आई म्हणाली, "यांना घड्याळाचा बारीक गजरही हल्ली ऐकू येत नाही. मीच उठवते."

बालमित्रांनो, आपल्या आतल्या कानात सुमारे 15 हजार केसाळ पेशी असतात. प्रत्येक पेशीची जागा ठरलेली. काही जाड आवाजासाठी, काही बारीक आवाजासाठी. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. आधी बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपासच्या जातात, म्हणजे बारीक, टोकदार आवाजाच्या. मृदंगाचा घुमारा ऐकू येत राहतो, पण टाळाची झणकार, घड्याळाचा गजर, "स" आणि "श" अंधूक होतात. माणसाला वाटतं, ऐकू येतंय की! म्हणून ते वर्षानुवर्षं कळत नाही.

पप्पांनी नंतर कानाची तपासणी करून घेतली. आलेखाची रेघ 4000पाशी दरीसारखी खाली उतरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, पण उरलेलं नक्की वाचवता येईल. कारखान्यात कानात घालायची बोंडं मिळायची, पण घाम येतो आणि हाका ऐकू येत नाहीत म्हणून ती खिशातच राहायची. आता ती कानात असतात.

म्हणजे जोडी हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर या दोघांचीच जुळवून चालत नाही. तिसरा गडी आपला कान. त्याचा आकडा डब्यावर छापलेला नसतो, पण जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. तुम्हा मुलांसाठी 75 डेसिबल, 40 तास. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करत जायचा. 78ला 20 तास, 81ला 10, 84ला 5, 87ला अडीच. आणि 90ला? आठवड्याला सव्वा तास!

"मोबाईलचा आवाज 60 टक्क्यांच्या आत ठेवा" असंही सांगतात. सवय चांगली आहे. पण आता तुम्हाला गणित येतं. त्याच 60 टक्क्यांवर 300 ओहमवाला कुजबुजेल आणि 38 ओहमवाला ओरडेल. त्यात दमदार अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर कळ जराशी फिरवली तरी पुरे होईल. कळीवरचा आकडा म्हणजे कानातला आवाज नव्हे! हेडफोन बदलला, अ‍ॅम्प्लिफायर बदलला की आपली रेघ नव्याने ठरवायची.

रेघ म्हणजे काय? तेच आजचं "करून पाहा". शांत खोलीत बसा. आवाज शून्यावर न्या आणि हळूहळू वाढवा. गाण्याचे शब्द स्पष्ट कळले की थांबा. तिथे कळीवर खूण करा. मोबाईल असेल तर तो आकडा वहीत लिहा. हेडफोन घालूनही हाताच्या अंतरावरून बोलणारी आई ऐकू आली पाहिजे. (बंद पाठीचा असेल तर तिला थोडं मोठ्याने बोलू द्या!) कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, तर तेवढा आवाज जास्त होता असं समजा आणि कानांना विश्रांती द्या.

आणि आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. आपल्या या पट्ट्यात कितीतरी घरांत कुणी ना कुणी प्रेसवर, फोर्जिंगमध्ये, ग्राइंडिंगवर आहे. घरी टीव्हीचा आवाज कुणी सारखा वाढवत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. एकदा कान तपासून घ्या.

आमच्या विद्यार्थ्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या कळीजवळ आईच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढली आहे. पप्पांनाही ती ओलांडायची परवानगी नाही. रविवारी दोघं आळीपाळीने अभंग ऐकतात. टाळ आला की मुलगा टेबलावर बोटाने ठेका धरतो, पप्पा बोटाकडे बघतात आणि त्या जागी त्यांची मान डोलते.

तुमच्या हेडफोनची रेघ कितीवर आली, मला जरूर लिहून कळवा. ओहम आणि संवेदनशीलता लिहायला विसरू नका हं!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई